साउंड कार्ड घ्यायचं का, आणि स्पीकर दोन की पाच? पाकीट उघडण्याआधीची कामं

शेजारच्या काकांनी एका रविवारी घरी बोलावलं. "अरे, पिक्चरमधलं संगीत दणदणीत येतंय, गोळीबाराचं तर विचारूच नकोस. पण माणसं बोलतात ती पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखी. साउंड कार्ड गेलंय बहुतेक. कुठलं घेऊ सांग."

कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. विंडोजमध्ये स्पीकरची मांडणी ५.१ (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर) निवडलेली होती आणि टेबलावर स्पीकर होते दोनच. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे जातात. संगणक ते इमानेइतबारे त्या स्पीकरच्या केशरी जॅककडे पाठवत होता आणि त्या जॅकमध्ये वायरच नव्हती. मांडणी 'स्टिरिओ', म्हणजे दोन स्पीकरची, केली आणि नायक-नायिका पुन्हा खोलीत आले. काकांचे चार-पाच हजार वाचले, मला पोहे मिळाले.

अशी प्रकरणं इतकी पाहिलीत की माझा क्रम आता ठरून गेलाय: आधी तपासणी, मग खोली, मग स्पीकर किंवा हेडफोन, आणि सगळ्यात शेवटी कार्ड. दुकानात बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात होते.

आवाज नक्की कुठे तयार होतो?

संगणकात गाणं म्हणजे नुसते आकडे. स्पीकरचा पडदा हलतो तो विजेच्या कमी-जास्त दाबाने. आकड्यांची वीज करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. साउंड कार्ड म्हणजे मुख्यतः हा डॅक, त्यापुढे छोटा अँप्लिफायर, आणि माइकसाठी उलटं काम करणारा कन्व्हर्टर.

म्हणून पहिला प्रश्न असा: तुमच्याकडे आकड्यांची वीज कुठे होते? स्पीकरची पिन मागच्या हिरव्या जॅकमध्ये असेल तर मदरबोर्डवर. यूएसबी हेडसेट असेल तर हेडसेटच्याच वायरीतल्या किंवा कपातल्या चिपमध्ये. ब्लूटूथ असेल तर हेडफोनमध्ये. एचडीएमआयने टीव्ही जोडला असेल तर टीव्हीत, ऑप्टिकल वायरीने साउंडबार जोडला असेल तर साउंडबारमध्ये. हिरवा जॅक सोडला तर बाकी सगळीकडे संगणक फक्त आकडे पुढे ढकलतो. तिथे वीस हजारांचं कार्ड बसवलं तरी त्याच्या डॅकला कामच नाही. ब्लूटूथ हेडफोनसाठी साउंड कार्ड शोधणारी माणसं मला भेटली आहेत, म्हणून हे ठासून सांगतोय.

कार्ड लागतंच ही समजूत आली कुठून, तेही ऐका. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणलं, तेव्हा साधा पीसी 'पीं' करण्यापलीकडे फारसं काही करत नव्हता. कार्ड घातलं की गेमला खरंच वाचा फुटायची. पुढे इंटेलने १९९७ मध्ये एसी'९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच येऊ लागली. विंडोज व्हिस्टाने आवाजाची सगळी व्यवस्था सॉफ्टवेअरकडे नेली, तेव्हा गेममधले परिणाम कार्डाच्या चिपवर करून घेण्याचा जुना रस्ताही बंद झाला. समजूत मात्र नव्वदच्या दशकातच मुक्काम ठोकून आहे.

आहे ते आधी नीट तपासा

यासाठी अर्धा तास द्या. हेडफोन कानावरून काढून हातात ठेवा, कारण मध्येच मोठा आवाज येऊ शकतो.

पिन पूर्ण आत बसली आहे का बघा. हसू नका. अर्धवट बसलेल्या पिनेत कधी कधी दोन्ही बाजूंची सामाईक वायर टेकत नाही. मग स्पीकरमधून डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक वाजतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, त्यामुळे नेमका तोच वजा होतो आणि मागे उरतं ते घुमणारं संगीत. काकांसारखीच तक्रार, पण कारण वेगळं.

मग मांडणी. विंडोजमध्ये रन उघडून एमएमएसवायएस डॉट सीपीएल टाका, म्हणजे आवाजाची जुनी खिडकी उघडते. प्लेबॅकमध्ये तुमचं उपकरण निवडून 'कॉन्फिगर' दाबा आणि जितके स्पीकर खरोखर लावलेत तितकेच सांगा. तिथल्या 'टेस्ट'ने डावा डावीकडून आणि उजवा उजवीकडून वाजतो ना, हे ऐका. कित्येक घरांत वर्षानुवर्षं ते उलटे लावलेले असतात. त्याच उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये एन्हान्समेंट नावाचं काही चालू असेल तर बंद करा. बास बूस्ट, लाउडनेस, खोलीचा भास वगैरे मंडळी तिथे बसलेली असतात. आवाजाचा दर, म्हणजे सेकंदाला त्याचे किती नमुने, २४ बिट, ४८,००० हर्ट्झ ठेवा. सीडीचा दर ४४,१०० असतो, व्हिडिओचा ४८,०००. माणसाला जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि चाळिशीनंतर तेही नाही; त्याच्या दुपटीहून थोडा जास्त दर पुरतो. १,९२,००० चा आकडा खोक्यावर शोभून दिसतो, एवढाच त्याचा उपयोग.

आता खरखर. काहीही न वाजवता आवाज वाढवा आणि माउस हलवा, पान वरखाली सरकवा. माउसबरोबर बारीक चिरचिर येत असेल तर ती संगणकाच्या आतल्या विजेची गडबड आहे. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये असेल तर तो मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकची वायर बहुतेक वेळा मदरबोर्डवरून, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून आलेली असते आणि वाटेत सगळ्यांचा आवाज गोळा करते. फुकटातला एवढा मोठा फरक मी दुसऱ्या कशाने पाहिलेला नाही.

चिरचिरीऐवजी सलग 'घूंsss' येत असेल तर ती आपल्या ५० हर्ट्झ विजेची देणगी. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे: संगणक आणि स्पीकर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेत आणि त्या दोन वाटांमधला फरक ऑडिओच्या वायरीतून वाहतोय. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ती मध्ये बसवा. प्लगची तिसरी पिन काढण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. घराचं अर्थिंगच नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिथे मुद्दा आवाजाचा उरत नाही, जिवाचा होतो.

शेवटी आवाजाची पातळी. विंडोजचा स्लायडर ८० ते १०० च्या दरम्यान ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. उलट केलंत, म्हणजे संगणकावर २० आणि स्पीकर पूर्ण मोठा, तर गाण्याबरोबर सगळी खरखरही मोठी होते.

मग कार्ड कोणाला लागतं?

वरचं सगळं करूनही चिरचिर राहिली तर डॅक संगणकाच्या बाहेर काढा. त्यासाठी अंगठ्याएवढा यूएसबी डॅक पुरतो. अॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर हा छोटा अडॅप्टर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, विंडोजवर चालतो, आणि नेहमीच्या हेडफोनसाठी त्याचा आवाज अगदी स्वच्छ असतो. लॅपटॉपवाल्यांचा प्रश्न बहुधा इथेच संपतो.

दुसरा वर्ग जड हेडफोनवाल्यांचा. हेडफोनच्या खोक्यावर ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप, लिहिलेले असतात. १६ ते ३२ असतील तर कुठल्याही जॅकवर चालतील. सेनहायझर एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे हेडफोन साध्या जॅकवर वाजतात, पण पोट भरल्यासारखे वाजत नाहीत. त्यांना अँप्लिफायर असलेला डॅक हवा. कानात घालायच्या नाजूक इयरफोनचं दुखणं उलटं: त्यांना ताकद नको, शांतता हवी. जॅकचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा एक ढोबळ नियम आहे.

तिसरा वर्ग रेकॉर्डिंगवाल्यांचा. रियाज टिपायचा आहे, पॉडकास्ट करायचाय, ऑनलाइन शिकवणी घ्यायची आहे, तर साउंड कार्ड या नावाने शोधूच नका. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी डबी, घ्या. फोकसराइट स्कारलेट किंवा बेहरिंगर यूएमसी ही त्यातली नेहमीची नावं. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट त्यातून मिळतात ना, आणि स्वतःचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनवर ऐकता येतो ना, या दोन गोष्टी बघा. सोबत कंपनीचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजची नेहमीची वाट टाळून आवाज थेट नेणारं सॉफ्टवेअर, असायला हवा. ४८,००० च्या दराला १२८ नमुन्यांचा बफर, म्हणजे एका वेळी पुढे धाडायचा गठ्ठा, धरला तर उशीर जेमतेम २.७ मिलिसेकंद. येण्या-जाण्याचा मिळून उशीर याच्या काही पट होतो, तरी गाताना खटकत नाही. विंडोजच्या नेहमीच्या वाटेने गेलात तर आपलाच आवाज मागून हाक मारतो आणि ताल सुटतो.

चौथा वर्ग खऱ्या ५.१ वाल्यांचा. डेस्कटॉपच्या मागे हिरवा, काळा आणि केशरी असे तीन जॅक असतील तर कार्डाची गरज नाही: हिरवा पुढच्या जोडीला, काळा मागच्या जोडीला, केशरी मधल्या स्पीकर आणि सबवूफरला. गुलाबी माइकचा, निळा लाइन-इनचा. मदरबोर्डवर तीनच जॅक असतील तर निळा आणि गुलाबीच ड्रायव्हरमधून मागच्या आणि मधल्या स्पीकरसाठी वळवता येतात. लॅपटॉपला एकच जॅक असतो, त्याला ५.१ वालं यूएसबी कार्ड लागेल किंवा एचडीएमआयने एव्ही रिसीव्हर, म्हणजे आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा.

इथे एक खड्डा आहे. ऑप्टिकल वायरीतून साधा आवाज फक्त दोन चॅनेलचा, म्हणजे दोन स्पीकरपुरता, जातो. ५.१ जायचा तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतीने दाबून बसवलेला हवा. सिनेमाच्या फाइलमध्ये तो तसा असतो, गेममध्ये नसतो. त्यामुळे सिनेमाला रिसीव्हर ५.१ दाखवतो आणि गेम सुरू केला की गुपचूप दोनावर येतो. त्यावर इलाज म्हणजे डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असलेलं कार्ड, नाहीतर सरळ एचडीएमआय, ज्यातून न दाबलेले आठ चॅनेल जातात.

यांपैकी कुठल्याच वर्गात तुम्ही बसत नसाल तर कार्डाचा विचार सोडा आणि पैसे पुढच्या भागासाठी ठेवा.

दोन की पाच?

स्टिरिओबद्दल एक गैरसमज आहे की तो म्हणजे गरिबाचा सराउंड, चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाची स्वस्त आवृत्ती. दोन बऱ्या स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून डोळे मिटा: गायक दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा दिसतो, जिथे काहीच नाही. अॅलन ब्लमलीन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्ये ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली करामत हीच. आवाज दोन्ही कानांवर पोचण्यातला फरक, जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या दोनतृतीयांश भागाइतका, मेंदू ओळखतो आणि त्यावरून दिशा ठरवतो.

गाणं ऐकायचं असेल तर माझं मत एकतर्फी आहे: दोन स्पीकर. ख्यालाचं आधुनिक रेकॉर्डिंग दोन चॅनेलसाठीच केलेलं असतं: मध्ये गायक, एका बाजूला तबला, दुसरीकडे पेटी, आणि मागे पसरलेला तानपुरा. हे पाच स्पीकरवर 'वाढवून' वाजवणारी बटणं असतात. ती दाबली की तानपुरा आपल्या पाठीमागे जातो आणि गायक बाथरूममध्ये. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तर मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या. त्यांचा सगळा आवाज मधोमध एका ठिपक्यातून यायला हवा, आणि दोन नीट ठेवलेले स्पीकर तो तसा देतात.

सिनेमाचं वेगळं. तिथे संवादासाठी मधला स्पीकर असण्याचा खरा फायदा घरात चार-पाच माणसं बघत असतील तेव्हा कळतो. स्टिरिओतला मधला भास फक्त मध्ये बसलेल्याला मिळतो. कडेला बसलेल्या आजींना संवाद जवळच्या स्पीकरमधून येतात. खराखुरा मधला स्पीकर असला की सगळ्यांना ते पडद्यातूनच येतात. मागचे दोन पाऊस, गर्दी, विमान यासाठी. एकटे, टेबलासमोर बसून बघत असाल तर त्याच पैशांत घेतलेले दोन चांगले स्पीकर पाच चिल्लर स्पीकरना हरवतील. वीस हजारांचे सहा भाग करून काय हाती लागतं, याचा हिशेब सोपा आहे.

आणि आवाज मुळात किती चॅनेलचा आहे, हेही बघा. यूट्यूबवरचं बहुतेक सगळं स्टिरिओ असतं. दिवसभर तेच बघणार असाल तर मागचे स्पीकर भिंतीची शोभा.

मांडणी: अर्धा आवाज इथेच मिळतो

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. टेबलावर एक-सव्वा मीटर पुरे. वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीला यायला हवा. खाली जाडजूड पुस्तकं ठेवली तरी चालतं. कोपऱ्यात कोंबू नका, खालचे सूर फुगतात आणि तबल्याचा डग्गा ढोल होतो. मग खोलीत टाळी वाजवा. 'ट्रर्र' असा शेपटीसारखा आवाज आला तर लादी आणि मोकळ्या भिंती एकमेकींशी बोलताहेत. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट किंवा भिंतीला टांगलेली आजीची गोधडी, काहीही चालेल. गोधडीने केलेला फरक कार्डाने झालेला मी अजून ऐकलेला नाही.

५.१ साठी कोन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेले आहेत: पुढचे दोन मध्यापासून ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर. नीट बघा, ११० अंश म्हणजे पाठीमागे नाही, कानांच्या किंचित मागे. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो; त्यातही हे जमतं, स्पीकर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना येतात. ७.१ चे आणखी दोन १३५ ते १५० अंशांवर लागतात, त्यासाठी पाठीमागे जागा हवी. दहा बाय बाराच्या खोलीत ७.१ च्या नादी लागू नका. माझ्या मेव्हण्याने तर पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर ओळीने मांडले होते, धूळ पुसायला बरं म्हणून.

अंतरं सारखी नसतील तर उशीर जुळवा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे मागचा स्पीकर एक मीटर जवळ असेल तर त्याला ३ मिलिसेकंद थांबवायचं. रिसीव्हरमध्ये नुसतं अंतर भरलं की तो हे करतो. पाचही स्पीकरची पातळी टेस्टच्या आवाजावर फोनमधल्या मीटरने सारखी करा. मीटर अचूक नसला तरी चालेल, तुलनेपुरता पुरतो.

सबवूफरची जागा शोधायची एक गमतीची पद्धत आहे. तो उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खालच्या सुरांचं गाणं लावा आणि तुम्ही खोलीभर रांगा. जिथे खर्ज एकसारखा, न फुगता ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. घरातले हसतील. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा.

हेडफोनमधलं '७.१'

हेडसेटच्या खोक्यावर ७.१ असतं आणि आत एकेका कानाला एकच स्पीकर. बाकीचं सॉफ्टवेअर करतं: कानाच्या पाळीमुळे आवाजात होणारे बदल गणिताने घालून दिशेचा भास देतं. यात फसवणूक नाही, गेममध्ये पावलं कुठून येताहेत ते कळतंही. पण त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. विंडोज सोनिक फुकट आहे, साध्या हेडफोनवर चालतो. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटमध्ये हे गणित आतच आहे. गेममध्ये चालू असेल तर विंडोजमधलं बंद ठेवा, नाहीतर एकाच भाजीला दोनदा फोडणी बसते. आणि गाणी ऐकताना दोन्ही बंद.

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांना जाता जाता एक सूचना: मीटिंगमध्ये त्याचा माइक चालू झाला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. त्या वेळी माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा.

दुकानात

पुण्याच्या तपकीर गल्लीत जा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, ५.१ चा संच बघताना खोकं पुढून वाचू नका. सबवूफर फिरवून मागची बाजू बघा. सहा इनपुट, म्हणजे ऑडिओच्या तीन जोड्या, किंवा एचडीएमआय अथवा ऑप्टिकल दिसलं तर पुढे बोला. नुसतं ब्लूटूथ, पेनड्राइव्ह आणि एक ऑक्स (दोन चॅनेलचा साधा जॅक) असेल तर पाचही स्पीकर तेच दोन चॅनेल वाटून घेणार. संख्या पाच, आवाज दोनाचा. 'पीएमपीओ'मधल्या फुगवलेल्या हजारो वॉटांकडे ढुंकूनही बघू नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, विचारा.

स्वतःचा लॅपटॉप आणि पाठ असलेलं एक गाणं घेऊन जा. दोन वस्तूंची तुलना करताना आधी दोघांचा आवाज सारखा करा, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला हमखास जास्त चांगलं वाटतं आणि विक्रेत्याला हे पक्कं माहीत असतं. डॅक किंवा कार्ड असेल तर परत घेण्याची मुदत आधी विचारून घरी न्या, आणि घरच्या कुणालातरी पाठीमागून वायरी बदलायला सांगा. दहा वेळा बदलून नऊ वेळा ओळखता आलं तर ठेवा. पाच-सहा वेळाच जमलं तर ती तुक्केबाजी आहे. बिल आणि खोकं घेऊन मुदतीच्या आत परत जा.